पंपाच्या माथ्यावरचा स्क्रू

अमेरिकी ट्रकांतल्या कमिन्स कंपनीच्या जुन्या ८५५ इंजिनाचा डिझेल पंप जवळून पाहिला तर माथ्यावर एक लहान सोलेनॉइड दिसतो आणि तिथेच बोटांच्या चिमटीत मावेल असा एक स्क्रू. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. चावी फिरवली की सोलेनॉइडला वीज मिळते, झडप उघडते, डिझेल पुढे जातं. पण आडरानात वायर जळाली किंवा सोलेनॉइडच गेला, तर तो स्क्रू आत फिरवायचा. झडप उघडी राहते आणि इंजिन विजेशिवाय चालत राहतं. बंद करायची वेळ आली की स्क्रू पुन्हा बाहेर फिरवायचा, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांवर लोक जीव टाकतात, त्याचं कारण मला या स्क्रूत सापडतं. लांब नाक, आकाशाकडे गेलेली क्रोमची धुराडी, कॅबवर ओळीने बसवलेले पिवळे दिवे हे सगळं देखणं आहेच. पण खरी ओढ आहे ती या गोष्टीची, की त्या गाडीत बिघडणारी प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते आणि पान्याच्या टप्प्यात असते.

सेमी म्हणजे मागे ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर. त्यातला सर्वांत लाडका पीटरबिल्ट ३५९. टी. ए. पीटरमन हा वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमाचा लाकूड व्यापारी. ओंडके वाहायला मनासारखे ट्रक मिळेनात म्हणून त्याने डबघाईला आलेली फेजॉल कंपनी घेतली आणि १९३९ साली पीटरबिल्ट नावाचे पहिले ट्रक बाहेर पडले. ३५९ हे मॉडेल १९६७ ते १९८७ असं वीस वर्षं चाललं. त्याच्या जोडीला केनवर्थचा डब्ल्यू ९०० ए. त्या काळात चपट्या तोंडाचे, इंजिनावर कॅब बसवलेले ट्रकही रस्त्यांवर भरपूर होते, कारण अनेक राज्यांत ट्रेलरसह पूर्ण गाडीची लांबी मोजली जायची आणि नाक जेवढं लांब तेवढा माल कमी. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीची अट काढून फक्त ट्रेलर मोजायला सुरुवात केली. त्यानंतर चपट्या तोंडाचे ट्रक हळूहळू नाहीसे झाले. आज त्यांचे सुटे भाग लांब नाकवाल्यांपेक्षा दुर्मीळ आहेत. कॅब उचलायचा हायड्रॉलिक पंप किंवा पुढची काच शोधण्यातच महिने जातात. पहिलाच ट्रक घेणाऱ्याने त्यांच्या वाटेला न जाणं बरं.

इंजिन मात्र मराठी वाचकाला परकं नाही. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि याच घराण्यातली इंजिनं पुण्यात बनू लागली. जनरेटरवर, डंपरवर एनटी ८५५ ची टॅपेट सेटिंग केलेला पुण्याचा मिस्त्री टेक्सासातल्या ३५९ चं बॉनेट उघडेल तर त्याला ओळखीचंच घर दिसेल: सहा सिलिंडर, साडेपाच इंचांचा बोअर, सहा इंचांचा स्ट्रोक, १४ लिटर.

गाडी हाती आली की बहुतेक जण आधी पॉलिशचं मशीन काढतात. हे उलटं आहे. पहिलं काम थांबण्याचं, दुसरं सांगाड्याचं, मग इंजिन, आणि रंग शेवटी.

ब्रेकपासून सुरुवात करायला एक ठोस कारण आहे. २५ जुलै १९८० पूर्वी बनलेल्या, तीन किंवा अधिक अॅक्सल असलेल्या ट्रकना अमेरिकी नियमांनुसार पुढच्या चाकांवर ब्रेक असण्याची सक्तीच नाही. पुढचे ब्रेक लागले की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून जातं, अशी त्या काळच्या ड्रायव्हरांची पक्की समजूत होती. म्हणून कित्येक गाड्यांना ते बसवलेच नाहीत आणि कित्येकांचे मागाहून काढून टाकले गेले. कायद्याची सूट असली तरी पुढचे ब्रेक बसवून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. अचानक थांबताना वजन पुढे येतं आणि नेमकं तिथेच धरायला काही नसतं.

मग हवा, कारण या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन चालवून प्रेशर पूर्ण भरायचं. साधारण १२० पीएसआयला गव्हर्नर कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवतो. इंजिन बंद करून, चाकांखाली ठोकळे लावून, पार्किंग ब्रेक सोडून घड्याळ लावायचं. ट्रेलरविना एकट्या ट्रॅक्टरची हवा मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. पेडल दाबून धरल्यावर ३ पेक्षा जास्त नाही. पुढे पेडल मारून मारून हवा उतरवत न्यायची. ६० पीएसआयच्या आसपास धोक्याचा भोंगा वाजलाच पाहिजे. गळती सहसा मोठ्या टाकीत नसते. ती रबरी होजच्या टोकाशी, रिले व्हॉल्व्हच्या बुडाशी नाहीतर पेडलखालच्या व्हॉल्व्हमध्ये असते. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात. चाळीस वर्षांच्या रबरी होज एकेक करून बदलत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या एकदम बदलाव्यात. जुन्या गाडीला एअर ड्रायर नसेल तर तो जोडणं हा उत्तम खर्च. नाहीतर थंडीत टाकीतलं पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं.

स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे ब्रेक घासल्यावर आलेली ढील काढणारे दांडे, जुन्या गाड्यांवर हाताने फिरवायचे असतात. आपोआप जुळणारे सक्तीचे झाले ते २० ऑक्टोबर १९९४ नंतर बनलेल्या गाड्यांना. बोल्ट फिरवून शू ड्रमला टेकेपर्यंत आवळायचा, मग पाव ते अर्धा आटा मागे घ्यायचा. त्यानंतर ९० ते १०० पीएसआयवर पूर्ण ब्रेक दाबून चेंबरमधून, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या डब्यातून, पुशरॉड किती बाहेर येतो ते मोजायचं. ३० नंबरच्या साध्या चेंबरला २ इंच ही हद्द आहे. त्यापुढे गेला की चेंबरचा जोर झपाट्याने घटतो, आणि तापलेला ड्रम फुगून उरलेली चालही खाऊन टाकतो. सपाटीवर ठीक लागणारे ब्रेक घाटात गायब होतात ते यामुळे. १६.५ इंचांचा ड्रम घासून १६.६२ इंचांच्या पुढे गेला असेल तर भंगारात. मागच्या चाकांची लायनिंग पाव इंचाखाली गेली तर तीही. जुनी लायनिंग बहुधा अॅस्बेस्टॉसची असते, त्यामुळे ड्रममधली धूळ एअर गनने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची. आणि पार्किंग ब्रेकच्या मागच्या डब्याची कडी कधीही उघडायची नाही. आत दाबून बसवलेल्या स्प्रिंगचा जोर माणूस मारण्याइतका असतो. केजिंग बोल्टने स्प्रिंग बांधायची आणि डबा अख्खा बदलायचा.

घाटाचा विषय निघालाच आहे तर कमिन्स कंपनीच्या संस्थापकाची, क्लेसी कमिन्सची गोष्ट सांगायलाच हवी. १९३१ साली डिझेल इंजिनाचा भरवसा लोकांना पटवायला तो न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रक घेऊन निघाला. कॅलिफोर्नियातल्या काहोन घाटात ब्रेक निकामी झाले आणि खाली रेल्वेच्या फाटकावरून मालगाडी जात होती. ट्रक थोडक्यात वाचला. ती भीती त्याच्या मनातून गेली नाही. पुढे त्याने इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्ती काढली: कॉम्प्रेशन स्ट्रोक संपत आला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, म्हणजे हवा दाबायला खर्च झालेली ताकद पिस्टनला परत न मिळता धुराड्यातून निघून जाते. जेकब्स कंपनीने १९६१ साली तो बाजारात आणला. त्याला आज सगळे जेक ब्रेक म्हणतात. गावांच्या वेशीवर त्याला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतात. दोष त्या यंत्रणेचा नाही, सायलेन्सर काढून सरळ पाइप लावणाऱ्यांचा आहे.

सांगाड्याकडे वळू. चॅसीच्या दोन रेलमध्ये जास्त वजनासाठी आतून दुसरी रेल घातलेली असेल तर तिथे पाणी आणि मीठ साचतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि रेलची कड लाटेसारखी फुगते. बाहेरून रंग मारून हे झाकता येतं, थांबवता येत नाही. रेल सुट्या करून ब्लास्टिंग, जस्ताचा प्रायमर, आणि रिव्हेटच्या जागी ग्रेड ८ चे बोल्ट, तेही भोक रीमरने नेमकं करून. रेलच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेने पाणी दिलेलं पोलाद तिथे मऊ पडतं आणि तडा त्याच रेषेत जातो. चॅसी वाकडी आहे का हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून रेलवरच्या सारख्या जागांवरून ओळंबा सोडायचा, खाली खडूने खुणा करायच्या, आणि गाडी हलवून दोन्ही कर्ण मोजायचे.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणं ही सर्वांत महाग चूक. पिस्टनवर पाणी साचलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. अडलं तर इंजेक्टर काढून पाहायचं. तेलाचा पहिला थेंब कसा येतो हेही बघायचं: ड्रेन बोल्ट सैल केल्यावर आधी पाणी आलं तर कहाणी लायनरपाशी, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीपाशी जाते. या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे बाहेरून थेट कूलंटमध्ये. स्फोटाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, कूलंटमध्ये वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लायनरचा धातू टोचत राहतात. शेवटी टाचणीच्या टोकाएवढं भोक आरपार जातं. म्हणूनच साधं पाणी घातलेलं इंजिन आतून सडतं आणि लायनरला संरक्षण देणारं रसायन कूलंटमध्ये लागतं. त्याचं प्रमाण कागदी पट्टीने तपासायचं. जास्त घातलं तरी नुकसान, पाण्याच्या पंपाच्या सीलवर क्षार जमतात.

नवीन लायनर बसवताना तो ब्लॉकच्या वर ०.००३ ते ०.००६ इंच, म्हणजे ३ ते ६ थाऊ, उभा राहिला पाहिजे, आणि एकाच हेडखालच्या दोन लायनरांत फारसा फरक नको. कमी राहिला तर हेड गॅस्केट गॅस धरत नाही. ब्लॉकमधली लायनरची बसकी खराब असेल तर ती कापून शिम, म्हणजे पातळ चकती, टाकावी लागते. नवं गॅस्केट टाकून निभावेल या आशेवर इथे वेळ काढणारे सहा महिन्यांत तेच हेड पुन्हा उघडतात.

इंधनाची रचना या इंजिनाचं वैशिष्ट्य. पीटी म्हणजे प्रेशर आणि टाइम. इथे पंपापासून सहा जाड नळ्या निघत नाहीत. पंप कमी दाबाने डिझेल हेडमधल्या वाटांतून सगळ्या इंजेक्टरना पुरवतो, आणि खरा दाब तयार होतो तो कॅम, पुशरॉड आणि रॉकर इंजेक्टरचा प्लंजर खाली ढकलतात तेव्हा. त्यामुळे ताकद कमी पडली म्हणून पंपाचे स्क्रू पिळणं व्यर्थ असतं. आधी सक्शनची बाजू बघायची. टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी हवा ओढली जात असते. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे दिसतात. दुसरा सामान्य बिघाड इंजेक्टरच्या ओ-रिंगचा. अमेरिकेत २००६ पासून गंधक १५ पीपीएमवर आणलेलं डिझेल आलं, आणि जुन्या इंधनात फुगून बसलेली रबरं आक्रसली. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर तिथे शोधायचं. हे तेल बेअरिंग खातं, त्यामुळे तशा अवस्थेत एक मैलही चालवू नये.

टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर जुळवण्याच्या कामाला, सर्वांनी एकदा तरी स्वतः हात घालावा. १९७६ पासून आलेल्या बिग कॅम नावाच्या ८५५ मध्ये कॅमची जाडी २ वरून अडीच इंच झाली आणि सेटिंगही बदललं, म्हणून आधी इंजिनाच्या पाटीवरचा सीपीएल, म्हणजे आतल्या भागांच्या यादीचा, क्रमांक वाचायचा. बिग कॅमला इनटेक ११ थाऊ, एक्झॉस्ट २३ थाऊ, थंड इंजिनावर. पुलीवर ए, बी, सी अशा खुणा असतात. एका खुणेवर एका सिलिंडरचा इंजेक्टर आणि दुसऱ्याच सिलिंडरचे व्हॉल्व्ह जुळवायचे असतात. ३ चा इंजेक्टर, तर व्हॉल्व्ह ५ चे. हे न कळल्यामुळे कित्येक चांगली इंजिनं खडखडत सोडलेली असतात. खूण थोडी पुढे गेली तर तेवढंच मागे आणून चालत नाही. बरंच मागे नेऊन पुन्हा चालीच्या दिशेने खुणेवर यायचं, म्हणजे गिअरमधली ढील एकाच बाजूला राहते.

ओव्हरहॉलिंगनंतर पहिल्यांदा सुरू करताना इंधन बंद ठेवून तेलाचा काटा उठेपर्यंत फिरवायचं, टर्बोच्या नळीत तेल ओतून मगच जोडायचं. आणि मग गाडीला काम द्यायचं. नवं इंजिन जपायचं म्हणून तासन्‌तास आयडलिंगवर ठेवणारे लायनर काचेसारखे गुळगुळीत करून टाकतात आणि नंतर रिंगांना दोष देतात. ट्रेलर जोडून चढावर ओढलं की रिंगा बसतात.

डेट्रॉइटचं टू-स्ट्रोक ८व्ही७१ घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: कमी राखेचं ४० नंबरचं सिंगल ग्रेड तेलच घालावं, आणि पहिल्या स्टार्टला हवेचं तोंड झाकायला जाड फळी हातात ठेवावी. इंधन कमी-जास्त करणारा दांडा, म्हणजे रॅक, अडकला तर ते इंजिन चावी काढूनही थांबत नाही.

गिअरबॉक्स बहुधा फुलरचा, १३ किंवा १५ गिअरचा, आणि तो सहसा दगा देत नाही. दगा देतो तो क्लच ब्रेक. गिअर पाडण्याआधी फिरता शाफ्ट थांबवणारी ही चकती पेडलच्या अगदी तळाशी काम करते आणि फक्त उभ्या गाडीसाठी असते. चालत्या गाडीत पेडल जमिनीला टेकवलं की तिचे कान तुटतात. क्लचचं बेअरिंग आणि ही चकती यांत अर्धा इंच, क्लचचा काटा आणि बेअरिंग यांत एक अष्टमांश इंच हे अंतर जुळलं की पेडलची ढील आपोआप बरोबर येते. उलट, पेडलचा दांडा फिरवून ढील जुळवू पाहणारे क्लच जाळतात.

पीटरबिल्टची कॅब अॅल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली. अॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत विरघळतं. दाराच्या बिजागऱ्या, पायरीचे ब्रॅकेट, कॅबचे पुढचे आधार या जागा आधी सोलून पाहाव्यात. पोलादी तारेचा ब्रश वापरायचा नाही, कण रुतून बसतात. इपॉक्सी प्रायमर आणि दोन धातूंमध्ये विद्युतरोधक पट्टी एवढं केलं तर तो सांधा टिकतो. त्या काळचा चकचकीत पॉलियुरेथेन रंग हवा असेल तर त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनासाठी साधा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारं शिरस्त्राण लागतं.

इतकं करून ट्रक रस्त्यावर आला की पुढचा प्रश्न: त्याने काय करायचं? अमेरिकेत १८ डिसेंबर २०१७ पासून ड्रायव्हरचे तास इलेक्ट्रॉनिक यंत्राने नोंदवणं बहुतेकांना सक्तीचं झालं, पण २००० सालापूर्वीच्या इंजिनांना सूट आहे. कारण साधं: यंत्र जोडायला त्या इंजिनांत भरवशाची जागाच नाही. या सुटीमुळे जुन्या ट्रकांना भलताच भाव आला. केवळ तास चुकवायला जुना ट्रक घेणं मला पटत नाही. थकलेला माणूस जुन्या ब्रेकांवर जास्तच धोकादायक असतो. दुसरी बाजू धुराची. अमेरिकी नियमांत नायट्रोजन ऑक्साइडची हद्द १९९८ साली दर अश्वशक्ती-तासाला ४ ग्रॅम होती, २०१० ला ०.२० झाली. वीस पटींचा फरक, आणि बिग कॅम तर १९९८ च्याही आधीचा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व जड ट्रकांना २०१० किंवा नंतरचं इंजिन सक्तीचं केलं, तेव्हा जुन्या गाड्यांचे मालक चिडले. पण लाँग बीचच्या बंदराशेजारी राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांचा हिशेब केला तर तो नियम योग्यच आहे. माझ्या मते ३५९ ने वर्षातून काही हजार मैल चालावं, आयोवातल्या वॉल्कॉटच्या जुलैतल्या मेळाव्याला जावं, अधूनमधून खरा माल ओढावा. बंदरातल्या रांगेत रोज उभं राहू नये.

मायलेजही मान्य करायला हवं. जुना लांब नाकाचा ट्रक गॅलनला साधारण साडेपाच मैल देतो, म्हणजे लिटरला सव्वादोन-अडीच किलोमीटर. कमिन्स आणि पीटरबिल्ट यांनीच मिळून बनवलेल्या सुपरट्रकने २०१४ साली १०.७ मैल दाखवले. त्याच पीटरबिल्टच्या ५७९ मॉडेलवर ऑरोरा या स्वयंचलित ट्रकांच्या कंपनीने २०२५ मध्ये डॅलस ते ह्यूस्टन विनाड्रायव्हर माल नेला. काही आठवड्यांतच पॅकारच्या, म्हणजे पीटरबिल्टच्या मालक कंपनीच्या, विनंतीवरून ड्रायव्हरच्या जागी निरीक्षक पुन्हा बसला. टेस्लाचे विजेवरचे सेमी डिसेंबर २०२२ पासून पेप्सिकोकडे आहेत. नव्या ट्रकांना नावं ठेवण्याचं कारण नाही. ते स्वच्छ आहेत, आणि ड्रायव्हरच्या पाठीला नक्कीच सुखाचे.

काळजी दुसरीच आहे. ३५९ आज उभा करता येतो, कारण चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले अंतराचे आकडे आणि फटी मोजायचं एक फीलर गेज पुरतं. आजच्या ट्रकचा कंट्रोलर राळेत बुडवून बंद केलेला असतो. त्यातला कपॅसिटर वयाने मरेल, आणि बदली कंट्रोलरला त्या गाडीची माहिती भरायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागेल. हे पुढच्या पिढीतल्या मिस्त्र्यासाठी कठीण आहे, अशक्य असेलच असं नाही. पण त्याच्यासाठी साठवण आत्ताच करायला हवी. गाडीबरोबर आलेली बांधणीची पूर्ण यादी, इंजिनाच्या पाटीचा स्पष्ट फोटो, वायरिंगचा छापील नकाशा, कंट्रोलरमधल्या कॅलिब्रेशनची प्रत, आणि शक्य असेल तर एक चालू स्थितीतला जादा कंट्रोलर. सगळं कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, कॅबमधल्या बिछान्याखाली ठेवावं. डब्यावर चॅसी क्रमांक रंगाने लिहावा, कागदाची चिठ्ठी निघून जाते.